बारावीनंतरचें सुटलेलें वर्ष : पडीक कीं मशागतीचें?

मृगाचा पाऊस जवळ आला कीं आमच्या नांदेड-लातूर भागांतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं दोन चिंता एकाच वेळीं उभ्या राहतात. एक पेरणीची आणि दुसरी मुलाच्या निकालाची. पहिली चिंता नवी नाहीं. ती बापाला त्याच्या बापाकडून मिळालेली आहे व तिच्याशीं कसें वागावें हें त्याला ठाऊक आहे. पेरणी उलटली तर दुबार पेरावें, दुबार हुकली तर रबीची आशा धरावी, हें ज्ञान त्याच्या अंगवळणीं पडलें आहे. परंतु वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत मुलाला हवे तेवढे गुण मिळाले नाहींत आणि ‘एक वर्ष थांबतों, पुन्हां परीक्षा देतों’ असें तो म्हणाला, म्हणजे काय करावें याचा पाठ त्याला कोणींच घालून दिलेला नाहीं. या थांबलेल्या वर्षास आमचीं मुलें ‘ड्रॉप’ म्हणतात आणि तें घेणाऱ्यास ‘रिपीटर’ म्हणतात. गांवांतील माणसें ‘वर्ष वायां गेलें’ असें म्हणून मोकळीं होतात. आमच्या मतें हे सर्वच शब्द अपुरे आहेत. सुटलेलें वर्ष आपोआप वायां जात नाहीं आणि आपोआप फळालाहि येत नाहीं. तें सुटलेल्या रानासारखें आहे. त्याचें काय होईल हें त्या वर्षांत त्यावर किती पाळ्या पडतात यावर अवलंबून असतें.

हा प्रकार आमच्याच भागांत इतका कां वाढला, हें प्रथम पाहिलें पाहिजे. लातूरचें दयानंद महाविद्यालय सन १९६१ मध्यें आणि राजर्षी शाहू महाविद्यालय सन १९७० मध्यें निघालें. अशा संस्थांतील शिक्षकांनीं नेमानें शिकविणें, वरचेवर चांचणी घेणें, चुका पुन्हां पुन्हां सुधारून घेणें ही जी साधी पण कष्टाची रीत पाडली, तिलाच पुढें ‘लातूर पॅटर्न’ हें नांव पडलें. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुलांनीं मोठ्या शहरांतील मुलांच्या बरोबरीनें गुण मिळविले, ही गोष्ट अभिमानाची आहे व ती नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं. ‘नीट’ ही सर्व देशाची एकच प्रवेशपरीक्षा सन २०१३ मध्यें प्रथम झाली व सन २०१६ पासून ती पुन्हां लागू झाली. तेव्हांपासून लातूर व नांदेड या दोन्ही शहरांत तिच्या तयारीचे वर्ग फार वाढले. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव येथून व त्याहूनहि दूरच्या गांवांतून मुलें येऊन खोल्या घेऊन राहूं लागलीं. पहिल्या प्रयत्नांत न साधलें तर दुसरा, दुसऱ्यांत न साधलें तर तिसरा, असा पायंडा पडला. या परीक्षेस किती वेळां बसावें याला नियमाची मर्यादा नाहीं. म्हणून मर्यादा घालण्याचें काम घरालाच करावें लागतें.

आतां आंकडे पाहा. सन २०२४ मध्यें ही परीक्षा देशांत २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनीं दिली. एम.बी.बी.एस.च्या जागा त्या वेळीं एक लाखाच्या थोड्या वर होत्या आणि त्यांपैकीं सरकारी महाविद्यालयांतील जागा सुमारें निम्म्या. म्हणजे साधारण वीस-एकवीस जणांमागें एकास जागा मिळणार, आणि शेतकऱ्याच्या खिशाला परवडेल अशी जागा चाळीसांत एकास. जेथें वीस पेंढ्यांस एकच दावण आहे, तेथें उरलेल्या एकोणीस पेंढ्या कुजक्या होत्या असें कोणी म्हणत नाहीं. जागा न मिळालेला मुलगा नालायक ठरला असें समजणें हा हिशेबाचाच अडाणीपणा आहे. त्यांतून त्याच वर्षीं परीक्षेंत काय घोटाळा झाला तो सर्वांस आठवत असेल. ५ मे रोजीं परीक्षा झाली, ४ जूनला निकाल लागला, पेपर फुटल्याच्या तक्रारी न्यायालयांत गेल्या, १,५६३ विद्यार्थ्यांचे वाढीव गुण काढून घेऊन त्यांच्यापुढें २३ जूनची फेरपरीक्षा ठेवण्यांत आली, आणि सर्व देशाची परीक्षा पुन्हां घेण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयानें २३ जुलै रोजीं नाकारली. तोंवर आमच्याकडील सोयाबीन पेरून, उगवून, कोळपून झालें होतें. आणि घरांतला मुलगा मात्र आपण पास कीं नापास हेंच न कळतां उंबऱ्यावर बसून होता. एका दिवसाच्या तीन तासांवर सर्व वर्ष टांगणें हें एका नक्षत्राच्या पावसावर सर्व शेती टांगण्यासारखें आहे. शहाणा शेतकरी तसें करीत नाहीं. तो सोयाबीनाच्या ओळींमध्यें तुरीची एक ओळ धरतो.

खर्चाचा विचारहि उघडपणें केला पाहिजे. समजा, एका घराची पांच एकर कोरडवाहू जमीन आहे आणि तींत एकरीं सहा क्विंटल सोयाबीन झालें. एकंदर माल तीस क्विंटल. सन २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता. त्या भावानें सर्व माल विकला असें धरलें तरी ठोक रक्कम १,४६,७६० रुपये होते. त्या वर्षीं हमीभावाच्या खालींच माल द्यावा लागला असे शेतकरी किती होते, हें मोंढ्यावर उभें राहिलेल्यांस सांगावयास नको. यांतून बियाणें, खत, फवारणी, खुरपणी, कापणी व मळणी वजा करा. मग उरलें त्यांत घरचें वर्ष काढा आणि लातुरांत क्लासची फी, खोलीचें भाडें व खानावळ दहा महिने भरा. सन २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत अतिवृष्टीनें व पुरानें ज्यांचीं उभीं पिकें गेलीं, त्यांच्या घरीं तर हा हिशेब मांडण्यापुरतेंहि कांहीं उरलें नाहीं. म्हणून मुलाचें सुटलेलें वर्ष हें केवळ मुलाचें नसतें. तें पांच एकरांचें एक पूर्ण पीक असतें. एवढें पीक आपण ज्या रानांत टाकतों, त्या रानाची मशागत काय होणार हें विचारण्याचा बापाला हक्क आहे, आणि सांगण्याचें मुलाचें कर्तव्य आहे.

पडीक रानाचे दोन प्रकार आमचे वाचक जाणतात. भारी काळ्या जमिनींत रबी ज्वारी घ्यावयाची असली म्हणजे पूर्वीपासून पुष्कळ जण खरिपांत तें रान मोकळें ठेवीत आले आहेत. वाटसरूला तें रिकामें दिसतें; पण मालक उन्हाळ्यांत तें नांगरून तापूं देतो, पावसाळ्यांत प्रत्येक उघडिपीस वखराची पाळी घालतो, तण मारतो आणि वरचा थर भुसभुशीत राखून खालची ओल धरून ठेवतो. हस्ताचा पाऊस झाला न झाला तरी त्या साठलेल्या ओलीवर ज्वारी उभी राहते. दुसरें रानहि तितकेंच दिवस मोकळें असतें, परंतु त्याकडे कोणी फिरकत नाहीं. त्यांत हराळी, कुंदा व लव्हाळा माजतो, ओल तण पितें, आणि पुढच्या वर्षीं तें रान वाहितीखालीं आणण्यास दुप्पट कष्ट लागतात. दोन्ही रानांस आपण ‘पड’ असेंच म्हणतों. मुलाच्या वर्षाचेंहि असेंच आहे. क्लासच्या खोलींत नांव घालून ठेवणें म्हणजे मशागत नव्हे. आणि घरीं राहणें म्हणजे हराळी माजणेंहि नव्हे. पाळ्या किती पडल्या एवढेंच पाहावयाचें.

मग हें वर्ष कोणीं घ्यावें? आमच्या मतें बाप-लेकांनीं एकत्र बसून तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहावींत. पहिला प्रश्न, मुलाचे गुण त्याच्या वर्गवारीच्या गेल्या वर्षींच्या शेवटच्या प्रवेशाच्या किती जवळ होते? दुसरा प्रश्न, कमी पडण्याचें कारण कोणतें, आणि तें कारण या वर्षीं खरोखर दूर होणार आहे काय? आजारपण आलें, घरांत कोणी दगावलें, किंवा अकरावीचा अभ्यास उशिरां सुरू झाला, हीं कारणें दूर होण्यासारखीं आहेत. पण मुलाला त्या विषयांची गोडीच नाहीं, हें कारण दुसऱ्या वर्षीं दूर होत नाहीं, दुप्पट होतें. तिसरा प्रश्न, पुन्हां न साधलें तर काय? या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर जुलैंत ठरलेलें असलें पाहिजे, पुढच्या जूनमध्यें नव्हे. तीन्ही उत्तरें समाधानकारक असतील तर एक वर्ष अवश्य द्यावें, मनापासून द्यावें, आणि मग रोज उठून त्याचा उल्लेख करूं नये. पेरल्यावर रोज बियाणें उकरून कोंब पाहणाऱ्याचें पीक येत नाहीं. उत्तरें समाधानकारक नसतील तर दुसरा मार्ग आजच धरावा. आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळेसाठीं जमीन गहाण टाकावी लागत असेल, तर आम्ही स्पष्टच म्हणतों कीं टाकूं नये. जमीन गेली म्हणजे मुलाच्या पाठीवर परीक्षेबरोबर तिचेंहि ओझें चढतें, आणि त्या ओझ्यानें हात अधिक चालत नाहीं, उलट कांपतो.

जो मुलगा पुन्हां परीक्षा देणार आहे, त्यानें शेतावर दिवसभर राबावें असें आम्ही सुचवीत नाहीं. पण अभ्यास म्हणजे केवळ खोलींत बसणें ही समजूत चुकीची आहे. या परीक्षेचे निम्मे गुण जीवशास्त्राचे असतात. आणि जीवशास्त्राची एवढी मोठी प्रयोगशाळा शेतकऱ्याच्या मुलाइतकी कोणाच्या दारांत आहे? पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनीं सोयाबीनाचें एक रोप मुळासकट अलगद काढावें, मुळावरची गांठ नखानें चिरावी. आंत गुलाबी रंग दिसला तर जिवाणु नत्र धरीत आहेत असें समजावें. तो रंग लेगहिमोग्लोबिनाचा. पुस्तकांत हा शब्द दहा वेळां घोकणारा मुलगा तो विसरेल. ही गांठ एकदां चिरलेला विसरणार नाहीं. कापूस व भेंडी एका कुळांतलीं, तूर व हरभरा दुसऱ्या, करडई व सूर्यफूल तिसऱ्या आणि ज्वारी चौथ्या कुळांतली. हीं चारहि कुळें एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जातांना भेटतात. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला म्हणजे सुमारें चार हजार लिटर पाणी झालें, हा हिशेब मुलानें बापाला करून दाखवावा. पांच अश्वशक्तीचा पंप म्हणजे ३,७३० वॅट, आठ तास चालला तर सुमारें तीस युनिट, हें पदार्थविज्ञान वीजबिलाच्या मागल्या कोऱ्या बाजूवर शिकतां येतें. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणींत शेंकडा ४६ प्रमाणें नत्र किती, हें रसायनशास्त्र होय. सकाळ-संध्याकाळचा एक तास असा शेतांत गेला तर अभ्यासाचें नुकसान होत नाहीं. डोळ्यांस विसांवा मिळतो, अंगाला घाम येतो, झोंप चांगली लागते, आणि जें दिवसभर वाचलें तें पायाखालीं उभें राहतें.

जो मुलगा परीक्षा पुन्हां देणार नाहीं, परंतु ज्याला पुढची वाट अद्याप ठरवितां आलेली नाहीं, त्याच्यासाठीं तर हें वर्ष फार मोलाचें आहे. बापाच्या डोक्यांत असलेला शेतीचा हिशेब कागदावर उतरविणें हें त्याचें पहिलें काम. कोणत्या पट्टींत किती खर्च झाला, किती माल निघाला, कोणत्या दिवशीं कोणत्या भावानें गेला, मजुरी किती, व्याज किती, हें एक वर्षभर लिहिलेलें शंभरांत किती घरांत सांपडेल? दुसरें काम मातीचें. शेतांत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणीं इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती खरवडून एकत्र करावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत जावें आणि शेवटीं अर्धा किलो उरली ती तपासणीस द्यावी. ही रीत अवघड नाहीं, पण ती नीट करणारा माणूस गांवांत हवा. तिसरें काम बियाण्याचें. घरच्या सोयाबीनाचे शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवले आणि सत्तर उगवले तर एकरीं तीस किलो पुरेल. साठच उगवले तर त्या मानानें पस्तीस लागेल. एवढी चांचणी मे महिन्यांत झाली असती तर दुबार पेरणीचे किती प्रसंग टळले असते! चौथें काम विहिरीचें. दर पंधरवड्यास दोरी सोडून पाण्याची पातळी लिहावी. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली, त्या जिल्ह्यांतील मुलाला पाणी मोजण्याचें महत्त्व निराळें पटविण्याची गरज नाहीं.

शिकविणारे दूर नाहींत. लातूर येथें कृषि विज्ञान केंद्र आहे; नांदेड जिल्ह्यांत बिलोली तालुक्यांतील सगरोळी येथें संस्कृति संवर्धन मंडळाचें केंद्र आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानें एनएचएच-४४ सारखा संकरित कापूस देशाला दिला. परभणीचें कृषि विद्यापीठ १८ मे १९७२ रोजीं स्थापन झालें. त्याचा खरीप मेळावा मे महिन्यांत आणि रबी मेळावा सप्टेंबरांत भरतो. तेथें बाप पिशवीभर बियाणें घेऊन परततो. मुलानें वहीभर प्रश्न घेऊन जावें. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची सोय सन १९८९ पासून आहे. शेतांत राहून शेतीचा अभ्यासक्रम पुरा करतां येतो. आणि हें सर्व कमी प्रतीचें शिक्षण आहे असें कोणास वाटत असेल, तर त्यानें एवढेंच लक्षांत घ्यावें कीं कृषि पदवीच्या विद्यार्थ्यांसहि शेवटच्या वर्षांत कांहीं महिने खेड्यांत जाऊन शेतकऱ्याबरोबर काम करावें लागतें. त्यासाठीं विद्यापीठ त्यांना मुद्दाम जेथें पाठवितें, तेथें आमचा मुलगा जन्मापासून आहे.

परदेशांतील एक उदाहरण येथें सांगण्यासारखें आहे. डेन्मार्क देशांत सन १८४४ मध्यें रोडिंग या गांवीं तरुण शेतकऱ्यांसाठीं पहिली लोकशाळा निघाली. ग्रुंटविग या धर्मोपदेशकाच्या विचारांतून ती उभी राहिली. पुढें अशा शाळा देशभर झाल्या. शेतीचीं कामें थंडावलीं कीं हिवाळ्याचे कांहीं महिने अठरा वर्षांवरील मुलें तेथें राहात, इतिहास, भाषा, गायन, हिशेब शिकत आणि वसंतांत शेताकडे परतत. परीक्षा नाहीं, पदवी नाहीं. पण सन १८६४ च्या युद्धांत मुलूख गमावलेल्या आणि पुढें धान्याचे भाव कोसळल्यानें खचलेल्या त्या देशांत, सन १८८२ मध्यें येडिंग येथें पहिली सहकारी दुग्धशाळा उभी राहिली व थोड्याच वर्षांत अशा शेंकडों झाल्या, त्यामागें या शाळांतून परतलेल्या तरुणांचा मोठा वांटा होता असें मानलें जातें. परीक्षेविना घालविलेले कांहीं महिने राष्ट्राच्या कामीं आले ते असे.

पण डेन्मार्कपर्यंत जाण्याचेंहि कारण नाहीं. आमच्याच मराठवाड्यांत आमच्या आजोबांच्या पिढीचीं वर्षें सुटलीं होतीं. सन १९३८ मध्यें वंदेमातरम् गाइल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठांतून विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें. त्यांपैकीं अनेकांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. सन १९४७-४८ मध्यें निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यांत कित्येकांनीं शाळा-कॉलेज सोडून सरहद्दीवरच्या छावण्यांत काम केलें, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर पुन्हां पुस्तकें हातीं घेतलीं. त्यांतूनच पुढें शिक्षक, वकील, सहकारी संस्थांचे चालक निघाले. त्यांचें वर्ष वायां गेलें असें म्हणण्याची आज कोणाची छाती होणार नाहीं. अर्थात् आजच्या मुलापुढें तसा लढा नाहीं, आणि दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. पण त्या पिढीकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शाळा सुटल्यानें शिक्षण सुटत नाहीं. हेतु सुटला कीं मात्र तें सुटतें.

येथवर आम्ही ‘मुलगा’ असें लिहीत आलों. आतां मुलीविषयीं लिहिलें पाहिजे, कारण खरा पेंच तेथें आहे. मुलाचा निकाल कमी लागला तर घर म्हणतें, ‘एक वर्ष थांबूं.’ मुलीचा निकाल तसाच लागला तर तेंच घर म्हणतें, ‘आतां स्थळें पाहूं.’ दोघांचे गुण तेच, जात्याची पाळीहि तिनें अधिक घातलेली. पण सुटलेलें वर्ष तिच्या वांट्यास येत नाहीं. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिचें लग्न करणें कायद्यानें गुन्हा आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु अठरावें लागतांच करणें हें जणूं कर्तव्यच, अशी समजूत अद्याप गेलेली नाहीं. आमचें सांगणें एवढेंच कीं, ज्या तीन प्रश्नांच्या कसोटीवर मुलाला वर्ष द्यावयाचें, त्याच कसोटीवर मुलीलाहि द्यावें. ती कसोटींत उतरली तर खर्च तिच्यावर करावा आणि मुलगा उतरला नाहीं तर त्याच्यावर करूं नये. लातुरास खोली घेऊन राहणें परवडत नसेल किंवा मन धजत नसेल, तर गांवांतच अभ्यासाची सोय करावी. पण वर्ष मागणाऱ्या मुलीस सासर दाखविणें म्हणजे उगवणीस आलेलें रान मोडून दुसऱ्याला बटाईनें देणें होय.

आणखी एक नाजूक गोष्ट. निकालानंतर मुलाचें जेवण तुटलें, झोंप उडाली, तो मित्रांस टाळूं लागला, तर तो आळस आहे असें समजूं नये. नापिकीनें खचलेल्या बापाची मनःस्थिति आम्हीं या भागांत पाहिलेली आहे व तिचे परिणामहि पाहिलेले आहेत. मुलाच्या खचण्याकडे तरी आपण वेळींच पाहावें. त्याला जवळ बसवावें, बोलूं द्यावें, तुलना करूं नये. गरज वाटली तर सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तेथें विचारणें यांत कमीपणा नाहीं. येळवशीच्या दिवशीं आपण सर्व घर शेतांत नेतों, आंबील-भज्जी करून वाटसरूलाहि जेवूं घालतों. त्या दिवशीं लातूर-नांदेडच्या खोलींत एकटा बसलेला आपला मुलगा त्या पंक्तींत असावा. एका दिवसानें त्याचा अभ्यास बुडत नाहीं.

शेवटीं आमच्या सोसायट्यांस व मंडळांस दोन शब्द. प्रत्येक मोठ्या गांवांत अशीं पांच-दहा मुलें दरवर्षीं असतात. सोसायटीची एखादी खोली, चांगला उजेड, दोन कपाटें पुस्तकें एवढ्यावर गांवची अभ्यासिका चालूं शकते. मग दहा महिने शहरांत राहण्याचा खर्च निदान कांहीं घरांचा तरी वांचेल. याच मुलांकडे गांवचा पाऊस मोजण्याचें, मातीचे नमुने गोळा करण्याचें, बियाण्याची उगवण तपासण्याचें काम थोडक्या मानधनावर सोंपवावें. सभासदांस खरा उपयोग होईल, आणि मुलाला ‘काय करतोस?’ या प्रश्नास खाली मान न घालतां उत्तर देतां येईल. हें उत्तर देतां येणें किती मोठी गोष्ट आहे, हें ज्यानें असें वर्ष काढलें आहे तोच जाणतो.

शेतकरी बंधूंनो, जमिनीचा एक हंगाम हुकला म्हणून आपण जमीन विकीत नाहीं. तिला दोन पाळ्या अधिक घालतों आणि पुढच्या नक्षत्राची वाट पाहतों. मुलाला व मुलीलाहि तेवढाच धीर, तेवढाच हिशेब आणि तेवढीच मशागत मिळाली, तर त्यांच्यांतील कोणी डॉक्टर होईल, कोणी शेतीशास्त्रज्ञ होईल, कोणी हिशेब जाणणारा चांगला शेतकरी होईल. यांतील शेवटच्याची या भागाला पहिल्यापेक्षां कमी गरज आहे असें निदान या मासिकाच्या वाचकांनीं तरी म्हणूं नये.